त्रेचाळीसचे बाबा

जीवशास्त्राच्या कुठल्याही संशोधन संस्थेत जा, एक तरी गृहस्थ असा भेटतोच, ज्याने ऐन तारुण्यात एखादं प्रथिन पदरात घेतलं आणि मग जन्मभर त्याचंच केलं. बायकोमुलं असतात, नाही असं नाही. पण फोनमधले फोटो प्रथिनाचे. आमच्या सोसायटीतल्या गृहस्थांच्या पदरी टीडीपी-४३ आहे. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘त्रेचाळीसचे बाबा’ म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, असा माझा दाट संशय आहे.

दिवाळीत फराळाला गेलात, तर चकली दुसऱ्यांदा फिरायच्या आत तुमच्यापुढे फोन येतो. करड्या रंगावर काळे पट्टे; पट्टा कुठल्या आकड्याला पडला, त्यावरून प्रथिनाचं वजन कळतं. “हा बघा, त्रेचाळीसला कसा स्वच्छ आलाय!” आपण “वा!” म्हणायचं. पुढच्या फोटोत पस्तीस आणि पंचवीसलाही पट्टे असतात आणि बाबांचा चेहरा उतरतो. “हा आजारी पेशीतला. तुकडे पडलेत त्याचे.” शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या, “अगं बाई! कशाने हो?” बाबा म्हणाले, “ते नक्की कळलं असतं, तर मी इथे चकल्या खात बसलो असतो का?”

या मुलाचं नाव खराब झालं २००६ साली. तोवर त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. १९९५ मध्ये एचआयव्हीचा अभ्यास करताना तो पहिल्यांदा हाती लागला, एवढीच त्याची जन्मकथा. मग फिलाडेल्फियाला व्हर्जिनिया ली यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की एएलएसने गेलेल्या रुग्णांच्या चेतापेशींत जे गोळे साचलेले असतात, ते याचेच. एएलएस म्हणजे स्टीफन हॉकिंग यांना झालेला आजार. आधी हातापायांची ताकद जाते, मग गिळणं, मग श्वास. या आजाराच्या सुमारे ९७ टक्के रुग्णांत टीडीपीचे गोळे सापडतात. इतक्या ठिकाणी एकच इसम हजर म्हटल्यावर पोलीससुद्धा फार विचार करणार नाहीत. बाबांना मात्र हे खपत नाही. “हजर होता म्हणून त्यानेच केलं का? आमचा मूळचा तसा नाही हो!”

मूळचा तो घरातला. राहणार पेशीच्या केंद्रकात. जनुकाची नक्कल म्हणून जो आरएनए उतरवला जातो, त्यावर यूजीयूजी अशी अक्षरं दिसली की हा तिथे ठाण मांडतो आणि नको तो मजकूर आत शिरू देत नाही. आजारात हाच मुलगा घर सोडतो आणि बाहेर पेशीद्रवात कट्ट्यावर टोळकं जमवून बसतो. आता नुकसान टोळक्यामुळे होतं, की घरात कुणी नसल्यामुळे? या प्रश्नावर बाबा रात्रीच्या जेवणापासून वॉचमनची शिट्टी वाजेपर्यंत बोलू शकतात. त्यांचा कल अर्थातच दुसऱ्या बाजूला. २०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी दाखवलं, की टीडीपी नसला तर भलतेच तुकडे आरएनएत घुसतात. २०१९ मध्ये तर स्टॅथमिन-२ची भानगड उघडकीला आली. चेतातंतू पुन्हा वाढण्यासाठी हे प्रथिन लागतं आणि टीडीपी जागेवर नसला की स्टॅथमिनचा आरएनए-संदेश अर्ध्यातच तुटतो. बाबा आठवडाभर लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते, “बघा! आमचा घरात नसला की काय काय होतं!”

सोसायटीचे चेअरमन कारभारी माणूस. त्यांनी एका वार्षिक सभेत, पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर, हाही निकालात काढला. “एवढा त्रास देतोय, तर मारून टाका की त्याला! एक गोळी काढा.” बाबांच्या हातातला चहा बशीत सांडला. मारून टाका? ज्या उंदरांत तो मुळातच नाही, ते जन्मालाच येत नाहीत, गर्भातच जातात. बरं, जास्त झाला तरी चेतापेशी मरतात. म्हणून तो स्वतःच स्वतःच्या आरएनएला धरून आपलं उत्पादन आवरतो. “इतका समंजस! माझा सख्खा मुलगा क्रेडिट कार्डाचं एवढं भान ठेवत नाही.” आणि गोळी काढायची म्हटली, तरी तिला प्रथिनात शिरून बसायला खोबण लागते. आरएनए धरायची याची जागा उथळ, आणि शेपटीला तर ठरलेला आकारच नाही. चेअरमननी मिनिटबुकात लिहिलं, ‘चर्चा झाली.’

मग दोष संगतीचा, असं ठरलं. अटॅक्सिन-२ नावाचं आणखी एक आरएनए धरणारं प्रथिन आहे, टोळक्यातलंच. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या आरन गिटलर यांच्या गटाने टीडीपीने आजारी पडलेल्या उंदरांत ते कमी केलं आणि उंदीर बरेच जास्त जगले. बाबांनी पेढे वाटले. माणसांवरची चाचणी २०२४ मध्ये थांबली. रुग्णांना फायदा दिसला नाही. त्या संध्याकाळी ते जिन्यात भेटले आणि एवढंच म्हणाले, “उंदीर फार सहकार्य करतात हो.”

गुरुवारी वीज जाते त्या दिवशी मात्र त्यांच्याशी बोलू नये. संस्थेतला उणे ऐंशीचा फ्रीझर त्यांच्या फोनवर बोंब ठोकतो आणि ते पंगतीतून, मुंजीतून, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धे केस कापून उठून गेलेत.

असा हा माणूस, दूधवाल्यालाही पट्टे दाखवणारा, रविवारी सकाळी बी विंगमधल्या चित्रकलेच्या सरांकडे जातो तेव्हा टीडीपीचं नाव काढत नाही. सरांना एएलएस आहे. बाबा पेपर वाचून दाखवतात, क्रिकेटवरून भांडतात, सरांचं अडखळतं उत्तर येईपर्यंत थांबतात आणि मग पुन्हा भांडतात. सरांच्या पत्नीने एकदा दाराशी विचारलं, “नवीन काही येतंय का हो?” बाबांच्या बोलण्यात एरवी ‘संभाव्य’ आणि ‘पण’ यांशिवाय वाक्य पुरं होत नाही. त्या दिवशी म्हणाले, “येतंय वहिनी. यांच्यासाठी वेळेत येईल, असं मी म्हणणार नाही.” मी मागेच उभा होतो. इतकं सरळ बोलताना मी त्यांना पुन्हा ऐकलेलं नाही.

येतंय ते असं: स्टॅथमिनच्या आरएनएत जिथे भलता तुकडा घुसतो, तिथेच कृत्रिम रेणूची छोटीशी पट्टी डकवायची, म्हणजे टीडीपी नसला तरी संदेश अखंड राहतो. माणसांवर चाचण्या सुरू झाल्यात. मला वाटलं, बाबा पुन्हा पेढे आणतील. त्यांनी बातमी आनंदाने सांगितली खरी, पण आनंदात काहीतरी खुपत होतं.

“म्हणजे मुलगा घरी आला नाही तरी चालेल, असंच ना?”

चेअरमन म्हणाले, “अहो, पण माणूस बरा होईल ना?”

“संभाव्य. झाला तर उत्तमच. पण आमचा राहिला ना बाहेरच!”

त्याच रात्री त्यांनी पाच वर्षांच्या अनुदानाचा नवा अर्ज लिहायला घेतला. विषय: टीडीपी-४३ला केंद्रकात परत आणण्याचे मार्ग.