फिजिक्सभाऊ

बीएस्सीचा निकाल लागला की यवतमाळ जिल्ह्यात नव्या फिजिक्सभाऊंचं पीक येतं. सोबतचा केमिस्ट्रीवाला बॅग घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बसतो, कॉम्प्युटरवाला पुण्याची ट्रॅव्हल्स पकडतो. हा मात्र घरी असतो. ‘प्लॅनिंग सुरू आहे.’

त्याची पहिली तोंडी परीक्षा विहिरीवर होते. "फिजिक्स शिकला नं बाप्पा, मंग मोटार काऊन उचलत नाही, पाह्य बरं!" भाऊला श्रॉडिंगरचं समीकरण सोडवता येतं, निदान हायड्रोजनपुरतं. स्टार्टरचं झाकण उघडता येत नाही. मग गावातला बारावी नापास वायरमन येतो, एक फेज गेला म्हणतो आणि पैसे घेऊन निघून जातो. बाबा त्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहतात.

प्लॅन कार्डशीटवर काढलेला असतो. पहिला रकाना ‘जॅम’. आयआयटीत एमएस्सी करायची तर ही परीक्षा: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. कोणत्या भागात चुकलं तर गुण कापतात आणि कोणत्यात बिनधास्त ठोकायचं, हे त्याला तोंडपाठ. अभ्यासाचं विचारू नये. दुसरा रकाना बीएड. ते २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, ही त्याची खासगी तक्रार. पुढे टीईटी, टेट, पवित्र पोर्टल, आणि संस्थेत जागा निघालीच तर ‘किती देता?’ हा प्रश्न, ज्याला कुठल्याच सूत्रात उत्तर नाही. तिसरा तलाठी. २०२३ च्या भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते. एका जागेमागे दोनशेवर उमेदवार, हा भागाकार त्यानं लगेच केला, वर त्यातली संभाव्य त्रुटीही काढली. प्रॅक्टिकलच्या वहीची सवय. चौथा पोलीस भरती. त्यासाठी पहाटे उठून १६०० मीटर धावायचं. वेग, त्वरण, हवेचा रोध सगळं मांडून झालं, उठणं तेवढं राहिलं.

मामा म्हणतात, "एक काहीतरी धर नं बावा." भाऊ समजावतो की जॅम फेब्रुवारीत, तलाठ्याची जाहिरात शासनाच्या मनात येईल तेव्हा, बीएडची सीईटी आणखी तिसरीकडे. यात त्याचा दोष किती आणि वेळापत्रकांचा किती, हे मलाही नीट सांगता येणार नाही. वर्ध्याहून यवतमाळकडे निघालेली रेल्वे २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली. भाऊचा प्रत्येक रकानाही साधारण कळंबपर्यंत येतो.

या सगळ्यात संध्याकाळी पाच ते सात त्याच्या ओसरीवर चपलांचा ढीग असतो. शेजारच्या पोरीला किरचॉफचा नियम समजत नव्हता, तेव्हापासून हे सुरू झालं. आता नीटवाली पोरं येतात. कॉइल, करंट, भिंग असं काही शिकवताना भाऊ ओळखू येत नाही. हातवारे करतो, चिडतो, खडू फेकतो, पोरं खिदळतात आणि गणित सुटतं. परवा एक आई फी द्यायला आली.

"सर, तुम्ही करता काय?"

"सध्या काही नाही काकू," भाऊ नोटा मोजत म्हणाला, "प्लॅनिंग सुरू आहे. आणि उद्यापासून दुसरी बॅच साडेसातला."