गच्चीवरून चंदेरी काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

साहित्य: बदलापुरातली एक गच्ची, एक कॅमेरा, लॅपटॉपवर लाइटरूम आणि चंदेरीचा किल्ला. किल्ला दिसत नसेल तर कालपर्यंत जिथे होता तिथे कॅमेरा रोखावा.

आधी नाकाने परीक्षा करावी. हिवाळ्यात पहाटे उल्हास नदीवरून येतं ते धुकं. त्याला वास नसतो आणि ऊन चढलं की ते मुकाट्याने जातं. दहा वाजले तरी हलत नाही आणि घसा खवखवतो, ते धुरकं. सॉफ्टवेअरला नाक नाही, त्याला दोन्ही सारखीच.

आता ‘डीहेझ’ नावाची पट्टी शोधावी. ती लाइटरूममध्ये 2015 साली आली. धुरकं ओळखायची एक गाजलेली युक्ती त्याआधी, 2009 मध्ये, काइमिंग हे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मांडली होती. स्वच्छ हवेतल्या फोटोचा आकाश सोडून कुठलाही चिमूटभर तुकडा घ्या. लाल, हिरवा, निळा यांपैकी एका तरी रंगात जवळजवळ काळा ठिपका बहुधा सापडतोच. तो राखाडी झाला असेल तर मध्ये हवा आडवी आली. अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर काळ्या पाषाणाच्या बळावर या परीक्षेत पहिलं येतं. बदलापूरचे नवे पांढरे टॉवर नापास. गणिताला टॉवर हेच धुरकं वाटतं आणि ते पुसायला निघतं. आपण आशेने बघत राहतो. पण टॉवर जात नाहीत, नुसते कळकट होतात.

पट्टी 20 वर न्यावी: चंदेरीचा सुळका उगवतो. 40 वर शेजारचे नवरा-नवरी सुळके दिसतात. 70 वर आकाश जांभळं, सेन्सरवरची धूळ ठसठशीत आणि गच्चीवर पापड घालणाऱ्या काकू कोळशाच्या वखारीतून आल्यासारख्या. म्हणून मास्क फक्त डोंगरावर ओढावा. धुरकं अंतराबरोबर दाट होतं. काकू चार हातांवर आहेत.

उल्हासनगरकरांनी जास्त जपावं. मलंगगड निळसर दिसतो तो हवेने विखुरलेल्या निळ्या प्रकाशामुळे. समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या जीन्स निळ्या दिसतात त्या निळ्याच असल्यामुळे. अख्ख्या फोटोतला निळा उतरवला तर गड सुधारतो, माल बिघडतो.

फुकटचा उपायही आहे: जुलैत रात्रभर कोसळलेला पाऊस. सकाळी दोन मिनिटं चंदेरी कोरून काढल्यासारखा उभा असतो. आपण कॅमेरा आणेपर्यंत त्यावर ढग बसतो.

पट्टी डावीकडेही सरकते. तिकडे धुरकं वाढतं. हे कशाला, असं विचारू नये. त्याच टॉवरमधला फ्लॅट विकायचा असेल तर डावीकडे 30 न्यावी आणि खाली लिहावं: धुक्याच्या कुशीत, स्टेशनपासून पाच मिनिटं.