बिनपगारी, बिनअधिकारी

‘बिनपगारी, फुल अधिकारी’ अशी एक वल्ली आपल्या प्रत्येक गल्लीत सापडते. ब्रिटनमध्ये विरोधी पक्षाच्या छाया गृहमंत्र्याच्या नशिबी तेवढंही नाही. खासदारकीच्या पगारावर दमडी जास्त मिळत नाही, कुठली बदली रोखता येत नाही, फाइलवर शेरा मारता येत नाही. काम एकच: देशात कुठेही खुट्ट वाजलं की गृहमंत्री कसे झोपले होते, हे कॅमेऱ्यासमोर सांगायचं.

यासाठी माणूस बदलला तरी चालतं, भाषण बदलावं लागत नाही. जुलै २०२४मध्ये हुजूर पक्षाचं सरकार निवडणुकीत हरलं आणि गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली व मजूर पक्षाच्या छाया गृहमंत्री यव्हेट कूपर यांनी समोरासमोरचे बाक बदलून घेतले. कालपर्यंत इंग्लिश खाडीतून आलेल्या स्थलांतरितांच्या बोटी कूपरबाई मोजत होत्या, आता क्लेव्हर्ली मोजू लागले. असं आलेल्यांना रवांडाला धाडायचा, क्लेव्हर्लींनीच सही केलेला करार बाईंनी मोडीत काढला. ७० कोटी पौंड गेले आणि रवांडाला पोचले चारजण, तेही राजीखुशीने, असा हिशेब बाईंनी सभागृहात मांडला. त्यावर आकडे बनावट आहेत म्हणून आवाज चढवायचा मानही क्लेव्हर्लींनाच!

या पदावरच्या माणसाने खरोखर काही केल्याचं एकच उदाहरण चटकन आठवतं, आणि ते म्हणजे पद सोडणं. दहशतवादाच्या संशयितांना आरोप न ठेवता २८ऐवजी ४२ दिवस डांबायचं कलम ११ जून २००८ रोजी कनिष्ठ सभागृहात अवघ्या नऊ मतांनी पास झालं. दुसऱ्या दिवशी हुजूर पक्षाचे छाया गृहमंत्री डेव्हिड डेव्हिस यांनी निषेध म्हणून थेट खासदारकीच सोडली आणि त्याच मतदारसंघातून पुन्हा उभे राहिले. सत्ताधारी मजूर पक्षाने उमेदवारच दिला नाही. आता भांडायचं कोणाशी? रिंगणात मात्र २६जण उतरले. त्यांत मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टीही होती, म्हणजे वेडेपणा निदान अधिकृत नोंदणी करून आलेला.

डेव्हिस दणक्यात निवडून आले. पण राजीनाम्याच्या दिवशीच पक्षनेते डेव्हिड कॅमेरन यांनी त्यांची जागा डॉमिनिक ग्रीव्ह यांना देऊन टाकली होती. विजयी वीर मागच्या बाकावर! ऑक्टोबरमध्ये उमरावांच्या सभागृहाने ४२ दिवसांचं कलम आपटलं, सरकारनेही ते गुंडाळलं. त्यानंतर डेव्हिस मंत्री झाले ते थेट २०१६ साली, ब्रेक्झिटचे. दोन वर्षांत तिथूनही राजीनामा दिला. हात बसलेला होता.