हवा काढा, शेठ

आमच्या नंदुरबारात सध्या एक थार फिरते. फिरते म्हणण्यापेक्षा मिरवते. टायर एम-टी, म्हणजे चिखलासाठीचे, खोल दात्यांचे. डांबरावर त्यांचं अखंड हुं-हुं चालू असतं, त्यामुळे धुळे चौफुलीला गाडी वळली की अर्ध्या गावाला कळतं, शेठ निघाले. पुढे लोखंडी बंपर, त्यात विंच, बाजूने वर गेलेलं स्नॉर्कल, टपावर रॅक, रॅकवर घडीचा तंबू, फावडं, जेरीकॅन आणि एलईडीची एवढी लांब पट्टी की एखाद्या गणपती मंडळाने भाड्याने मागावी. फावड्यावरचं किमतीचं स्टिकर अजून शाबूत आहे.

हा सगळा लवाजमा घेऊन गाडी रोज जाते कुठे? सकाळी मुलाला शाळेत सोडायला, अकराला मिरचीच्या पथारीवर, संध्याकाळी दूध आणायला. आणि पेट्रोल पंपावर, जरा वारंवारच. लिफ्ट किट, टायर, रॅक आणि तंबू मिळून ती इतकी उंच झाली की घरच्या पोर्चमध्ये मावेना. पोर्चमध्ये आता वहिनींची स्कूटी सावलीत ऐटीत उभी असते आणि शेठचा जीव की प्राण बाहेर उन्हात तापतो. आईंना दवाखान्यात न्यायचं तर आधी प्लास्टिकचं स्टूल बाहेर येतं, मग आई स्टुलावर, मग गाडीत, मग स्टूल गाडीत. एवढ्या अॅक्सेसरीजमध्ये रोज उपयोगी पडणारं ते स्टूल तेवढंच, आणि ते शेठने विकत घेतलेलं नाही, आईंचंच आहे.

शेठ म्हणजे कुणी एक माणूस समजू नका. शहाद्यात एक शेठ आहेत, तळोद्यात आहेत, नवापुरातही सापडतील. मिरची, ऊस, कापूस, प्लॉट यांपैकी कशाने तरी हात दिलेला, मोबाइलवर लडाखचे व्हिडिओ पाहिलेले आणि सातपुडा दीड-दोन तासांवर. २०२० साली नाशिकच्या कारखान्यातून नवी थार बाहेर पडली आणि एरवी सेडान घेऊन गप्प बसली असती अशी माणसं अचानक दऱ्याखोऱ्यांच्या गोष्टी बोलू लागली. गाडी मुळात चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. तिला फोर-एलचा, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा, गियर आहे, जमिनीपासूनची उंची भरपूर आहे, काही मॉडेलांत मागे लॉक होणारा डिफरन्शियलही आहे. कंपनीने जे दिलंय त्यातलं निम्मं शेठने अजून वापरलेलं नाही. पण वापरण्याआधी वाढवायचं, ही आपली पद्धत.

आता त्या लिफ्टचंच घ्या. दोन इंच लिफ्ट केली म्हणजे गाडी दगडापासून दोन इंच लांब गेली, असं शेठना वाटतं. वर जाते ती बॉडी. मागचा अॅक्सल सलग आहे, त्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच लोंबतो, आणि दगड लागतो तोही तिथेच. तो वर न्यायचा तर टायर मोठा हवा, आणि टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्माच गोळा वर जातो. म्हणून शेठने साडेतीस इंचांचे टायर काढून ३३ इंचांचे बसवले. मिळाला सव्वा इंच. बदल्यात काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी साधारण ८६ ने धावते, ब्रेकला जास्त वजनाची चाकं थांबवावी लागतात, आणि किलोमीटर कमी नोंदले जात असल्यामुळे मायलेज आहे त्याहून वाईट दिसतं. आहेही वाईटच. पावसात ओल्या डांबरावर हे चिखलाचे टायर साध्या टायरपेक्षा उशिरा थांबतात, आणि शेठचा नव्वद टक्क्यांहून अधिक प्रवास डांबरावर होतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला डांबरी म्हणायचं ठरवलं तर.

स्नॉर्कलचा उपयोग खरा आहे. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, तो खर्च टाळण्यासाठी इंजिनाची हवा वरून घ्यायची. पण थार कंपनीच्याच हिशेबाने ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, म्हणजे जवळजवळ मांडीपर्यंत. त्याहून खोल पुरात गाडी घालायचा बेत असेल तर स्नॉर्कलच्या आधी विम्याचे कागद पाहावेत. ते पाहिले तर आणखी एक गोष्ट कळेल: कंपनीला न कळवता केलेले बदल दाव्याच्या वेळी बरोबर आठवतात. आपल्याला नव्हे, त्यांना.

आणि ती टपावरची एलईडी पट्टी! तोरणमाळच्या पावसाळी धुक्यात ती लावली की उजेड धुक्यावर आपटून थेट शेठच्याच डोळ्यांत येतो. धुक्याचे दिवे खाली असतात त्याला कारण आहे. समोरून येणाऱ्याला काय दिसतं ते विचारू नका, त्याला काहीच दिसत नाही.

कायदा याबाबतीत शेठपेक्षा कमी रसिक आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांत परस्पर फेरफार करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ नव्याने लिहिलं गेलं. त्यात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द मी शेठना दोनदा वाचून दाखवले. त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातावर आल्यावर विषय बदलला. लोखंडी बुलबारवर तर २०१७ च्या डिसेंबरातच केंद्राने राज्यांना कारवाईचं पत्र धाडलं होतं, कारण पायी चालणाऱ्याला त्याचा मार जीवघेणा बसतो आणि एअरबॅगची गणितं बिघडतात. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा स्नॉर्कल आणि पुढचे-मागचे दोन्ही डिफ लॉक कारखान्यातूनच घेऊन येते, आरसीला धक्का न लावता. हे सांगितल्यावर शेठ म्हणाले, “पण मग त्यात आपलं काय राहिलं?”

तर या गाडीतून आम्ही तोरणमाळला गेलो. मी मागे, स्टुलाशेजारी. म्हसावदच्या अलीकडे, कोरड्या ठणठणीत रस्त्यावर, शेठने कौतुकाने फोर-एच, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी जोडणी, टाकलं. पुढच्याच वळणावर गाडी जड झाली आणि कुरकुरू लागली, कारण या व्यवस्थेत पुढचा-मागचा अॅक्सल एकमेकांना बांधला जातो. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ती तफावत मातीत घसरून निघून जाते, डांबरावर जायला जागा नसते. “गियरबॉक्स बसतोय अजून,” शेठ म्हणाले. राणीपूर मागे पडलं, सात पायरीचा घाट लागला. तिथे समोरून एसटी उतरली. लाल, जुनी, फक्त मागच्या चाकांवर चालणारी, खिडकीतून बाहेर डोकं काढलेल्या पोरांसकट. आमच्या मोहिमेच्या ठिकाणाहून ती परत चालली होती.

शेठना ते झोंबलं असावं. वर पोचल्यावर त्यांनी गाडी पाड्याकडे जाणाऱ्या एका कच्च्या वाटेवर घातली. पहिल्याच नाल्यातल्या रेतीगोट्यांत चारही चाकं फिरू लागली. शेठने रेस दिली, चाकं आणखी खाली गेली. मग विंच. दोर ओढला, हातमोजे घातले, आणि बांधायचा कशाला हा प्रश्न आला. समोरच्या उतारावर दोर पोचेल अशा अंतरात एकच पळस, मनगटाएवढा. सातपुड्यातलं जंगल आपण सगळ्यांनी मिळून असं विरळ केलंय की विंच विकणाऱ्याने सोबत एक सागाचं झाडही द्यायला हवं.

तेवढ्यात मागून पिकअप आली. माणसं भरलेली, टायर गुळगुळीत, टू-व्हील ड्राइव्ह. नाल्याच्या तोंडाशी निम्मी मंडळी न सांगता उतरली, निम्मी मागच्या चाकांवर वजन राहावं म्हणून वरच बसली. ड्रायव्हर विशी-बाविशीचा. त्याने आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि टायरला बोटाने टिचकी दिली.

“शेठ, हवा किती शे?”

“पस्तीस.”

“भलती टाइट शे. काढी टाका.”

काडी घेऊन तो स्वतःच व्हॉल्व्हशी बसला. चारी चाकांची हवा अंदाजाने निम्म्यावर आली. टायर खाली पसरतो, लांब होतो, रेतीवर जास्त जागा धरतो, बस. फोर-एल, पहिला गियर, रेस न देता. गाडी नाल्यातून अशी बाहेर आली की आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. पिकअपची मंडळी हसली, पण सभ्यपणे. आता हवा परत भरायची, तेव्हा कळलं की लाखाच्या पुढच्या त्या सगळ्या खरेदीत पंप राहून गेलाय. पसरलेल्या टायरांवर घाट हळूहळू उतरत आम्ही म्हसावदचं पंक्चरचं दुकान गाठलं. वाटेत शेठ एकही शब्द बोलले नाहीत. टायरही.

पिकअपवाल्याचं कौतुक केलं म्हणून त्याची आरती ओवाळत नाही. मालवाहू गाडीत माणसं कोंबणं बेकायदाच, आणि चांदसैली घाटात अशा गाड्या दरीत जाऊन माणसं मेलेली आहेत. फरक एवढाच की त्या गाडीत कुणी हौसेने बसलेलं नसतं. १९९८ ला आमचा नंदुरबार जिल्हा झाला, २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्या टेंभलीत वाटलं गेलं, २०१८ ला नीती आयोगाने आम्हाला ‘आकांक्षित जिल्हा’ ठरवलं. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून चांदसैलीचा रस्ता बंद होता तेव्हा एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन घाट चालला. ती वाचली नाही. गाडीला विंच आहे की नाही हा प्रश्न तिथे आलाच नाही, गाडीच नव्हती. या जिल्ह्यात खरे बदल झालेली वाहनं पाहायची तर रुग्णाला नेण्यासाठी बनवलेली मोटारसायकल पाहा, नर्मदेच्या फुगवट्यावरचा बोटीतला तरंगता दवाखाना पाहा. त्यांच्यावर स्टिकर कमी असतात.

रोजच्या गाडीला सातपुड्यात न्यायचं असेल तर शेठ, माझ्या मते एवढं पुरे: मूळ मापाचे ए-टी, म्हणजे डांबर आणि माती दोन्हींसाठीचे, टायर, हवा मोजायचा गेज, बारा व्होल्टचा पंप, कंपनीने दिलेल्या हुकांना लावायचा चांगला पट्टा, आणि सोबत दुसरी गाडी. पिकअपही चालेल. बाकीचे पैसे आईंना चढता येईल अशा पायरीवर घाला. स्नॉर्कल ठेवलंत तरी हरकत नाही, चिमण्या घरटं करतील.

शेठने ऐकून घेतलं आणि डिफ लॉकचं कोटेशन मागवलं. सध्या ते वेगळ्याच दुःखात आहेत. त्यांच्या मंडळींत एका पाड्याची वाट डांबरी होणार असल्याची खबर आली आणि सगळे हळहळले, आणखी एक ट्रॅक गेला म्हणून. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, शेठ, टेंडर आपल्याकडचंच आहे. एक पावसाळा जाऊ द्या.