शेफ ओरडायला हवा

युरोपच्या सहलीत चाळीस माणसं असतात आणि त्यांत एक अण्णा असतातच. बाकीची मंडळी संध्याकाळी सात वाजता टूर मॅनेजरच्या मागोमाग कुठल्याशा तळघरातल्या हॉलमध्ये उतरतात आणि जिरा राइस, डाळ, पनीर यांच्यासमोर निमूट रांग लावतात. अण्णा रांगेत नसतात. "इटलीत येऊन पनीरच खायचं, तर डोंबिवली काय वाईट होती?" असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणून ते बाहेर पडलेले असतात. वहिनी मागून येतात. त्यांना पनीर चाललं असतं.

अण्णांचं हॉटेल सहा महिने आधी यूट्यूबवर ठरलेलं असतं. त्याच्या अटी कडक. टेबलं आठ-दहाच हवीत. मालक आणि शेफ एकच हवा. मेन्यू खडूनं फळ्यावर लिहिलेला हवा, तोही फक्त इटालियनमध्ये. दारावर पदार्थांचे फोटो दिसले की अण्णा फुटपाथ बदलतात. आणि शेवटची, सगळ्यांत महत्त्वाची अट: शेफ खडूस हवा. गिऱ्हाइकावर ओरडला पाहिजे, नको ते मागितलं तर हाकलून दिलं पाहिजे. त्याशिवाय जेवण अस्सल नाही.

हेच अण्णा घरी काय करतात ते ठाण्यातल्या कुठल्याही थाळीवाल्याला विचारा. आमटी गार म्हणून परत जाते, पोळीला तूप कमी म्हणून वेटरला हाका जातात, आणि बिलात पाण्याची बाटली लागली की मॅनेजर टेबलाशी उभा असतो. इकडचा स्वयंपाकी नुसतं "साहेब, संपलं" म्हणाला तरी अण्णांचा अपमान होतो. तिकडचा अपमान मात्र ते पैसे मोजून घ्यायला निघालेले.

बोलोन्याला त्यांच्याबरोबर जेवायचा योग आला. साडेसहाला पोचलो, तर शटर बंद. दुपारी अडीचला बंद केलेलं स्वयंपाकघर साडेसातशिवाय उघडत नाही. अण्णा खूश. "बघा, याला म्हणतात शिस्त." मग बोलोन्याच्या त्या मैलोन् मैल पसरलेल्या कमानींखाली वहिनी पायरीवर बसून डिंकाचा लाडू खाऊ लागल्या आणि अण्णांनी आम्हाला ताल्यातेल्ले समजावून दिली. ही या गावची रुंद शेवयांसारखी पास्ता. शिजल्यावर तिची रुंदी आठ मिलिमीटरच हवी, म्हणजे गावातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा बारा हजार दोनशे सत्तरावा भाग. १९७२ साली इथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे तशी रीतसर नोंद झाली आणि मापाची सोन्याची पट्टी तिथं काचेत ठेवलेली आहे. तिच्यावर घालायच्या रागूची, म्हणजे खिम्याच्या सॉसची, नोंद १९८२ सालची. "आणि स्पॅगेटी बोलोनीझ इथं मागायची नाही," अण्णांनी बजावलं. "मागितली तर ओरडतात." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती ती मनोऱ्याबद्दल सांगताना नव्हती.

साडेसातला शटर वर गेलं. शेफ पन्नाशीचा, गोल, पीठ लागलेल्या एप्रनमधला. त्यानं वहिनींची खुर्ची मागे ओढून दिली. अण्णा किंचित हिरमुसले.

त्यांनी सुरुवात जोरात केली. इटालियन स्वयंपाकाला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली ती २०२५च्या डिसेंबरमध्ये, आमच्या दिल्लीच्या बैठकीत, आणि तिथंच आमची दिवाळीही यादीत गेली, असं त्यांनी इंग्रजीत, हातवाऱ्यांसकट सांगितलं. शेफनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पाणी साधं की गॅसचं? दोन्हींचे पैसे पडतात. वर नुसतं बसण्याचे माणशी दोन युरो, त्याला कोपेर्तो म्हणतात. ठाण्यात या दोन ओळींवर अर्धा तास गेला असता. "पद्धत आहे त्यांची," अण्णा म्हणाले.

अण्णांनी रागू मागवला. बीफ, पोर्क दोन्ही असतं त्यात, पण शास्त्रात बोलोन्याचा उल्लेख नाही असं त्यांचं मत पडलं. वहिनींसाठी तोर्तेल्लोनी: आत रिकोटा, वर लोणी आणि सेजची पानं. शिवाय एक पदार्थ "वन बाय टू". आता ओरडणार, म्हणून अण्णा सावरून बसले. शेफनं आणखी एक प्लेट आणून ठेवली.

मग वहिनींनी पर्स उघडली. पर्समध्ये पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगानो आणि चिली फ्लेक्सच्या पुड्या, वर्षानुवर्षं साठवलेल्या, रबर बँड लावून. अण्णांनी डोळे मिटले. शेफनं एक पुडी उचलली, उलटसुलट पाहिली, कोपरा फाडून वास घेतला आणि "पिकान्ते?", म्हणजे तिखट का, असं विचारून मनापासून हसला. वहिनीही हसल्या. पुडी त्यानं खिशात घातली.

तोर्तेल्लोनी वहिनींना आवडली. तिसऱ्या घासाला अण्णांनी माहिती पुरवली की वर किसलेल्या पार्मिजानोत वासराच्या जठरातलं रेनेट असतं. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. "हे मागवताना आठवलं नाही?" एवढंच म्हणून त्यांनी चीज बाजूला सारलं आणि आतल्या पारीकडे लक्ष वळवलं. पारी इतकी पातळ की खालून रिकोटा दिसावा, आणि तरी फुटलेली नाही. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, पाणी नाही, हे त्यांनी शेफकडून बोटांच्या भाषेत काढून घेतलं. पीठ किती वेळ झाकून ठेवायचं तेही विचारलं. त्यानं आतून मीटरभर लांबीचं लाटणं आणून दाखवलं. वहिनींनी ते हातात तोलून पाहिलं आणि मान डोलावली. दोन कारागिरांची ती बैठक होती, त्यात अण्णांना कुणी घेतलं नाही.

शेवटी वहिनींनी पावाच्या तुकड्यानं ताटलीतलं लोणी पुसून घेतलं, घरी पोळीनं पुसतात तसं. ते पाहून शेफ आत गेला आणि न मागितलेली वाटीभर झाबायोने, म्हणजे अंड्याची गोड क्रीम, घेऊन आला. वहिनींपुढे ठेवली.

अण्णांना हे सोसवेना. जेवणानंतर इटालियन माणूस दुधाची कॉफी पीत नाही, हे सहलीतल्या प्रत्येकाला त्यांनीच सांगितलेलं. त्यांनी छाती पुढे काढली आणि मोठ्यानं म्हणाले, "वन कपुचिनो!" रात्रीचे साडेनऊ. सगळं हॉटेल थांबल्यासारखं वाटलं, निदान अण्णांना. शेफ म्हणाला, "चेर्तो," आणि भरपूर फेसाचा कपुचिनो घेऊन आला. अण्णांनी तो संपवला.

परतल्यावर ठाण्यात हा प्रसंग बऱ्याच जणांनी ऐकला आहे. त्यात शेफ सहा फुटी आहे, कपुचिनो दुसऱ्याच कुणीतरी मागितलेला आहे आणि शेफनं झारा उगारलेला आहे. तुमच्याही कानावर येईल. तेव्हा अण्णांना मध्ये तोडू नका. चहाचे कप उचलायच्या निमित्तानं आत जा आणि वहिनींना पिठाचं विचारा. अर्धा तास झाकून ठेवायचं असतं.