जोईराव, तुम्ही हरायला हवं होतं

कै. जोई जार्डेलो
माजी जगज्जेते, मिडलवेट गट
मुक्काम फिलाडेल्फिया

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, १४ डिसेंबर १९६४ च्या रात्री तुम्ही फिलाडेल्फियात रुबिन 'हरिकेन' कार्टर या आव्हानवीराला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवलंत आणि जगज्जेतेपद स्वतःकडेच ठेवून घेतलंत. त्या वेळी ही गोष्ट कुणाला फारशी खटकली नाही. आता मात्र आम्हा गोष्टीवेल्हाळ मंडळींची तुमच्या या वागण्याबद्दल गंभीर तक्रार आहे. दुसऱ्याच्या चरित्रात आपण कुठल्या पानावर उभे आहोत, याचं माणसाला थोडं तरी भान नको का?

आम्हाला हवी होती ती गोष्ट अगदी साधी होती. न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा एक काळा मुष्टियोद्धा. डोकं तासलेलं, हनुवटीवर दाढी, नजर अशी की समोरच्याला घंटा होण्याआधीच घरची आठवण यावी. हा गडी रिंगणात जगज्जेतेपद जिंकतो, गोरे पंच ते हिरावून घेतात. मग गोरे पोलीस त्याला खुनात गोवतात. शेवटी न्याय मिळतो, दिवे लागतात. या सगळ्यात तुमच्या वाट्याला आलेलं काम केवढंसं? भरपूर मार खायचा आणि नंतर ओशाळ्या चेहऱ्यानं हात वर करायचा. तेवढंही तुमच्याच्यानं झालं नाही.

१९९९ साली नॉर्मन ज्युइसन यांनी 'द हरिकेन' काढला, तेव्हा तुमची ही चूक त्यांनी मोठ्या मनानं दुरुस्त केली. पडद्यावर डेन्झेल वॉशिंग्टननं तुमचा चेहरा रक्तबंबाळ केला, निकाल ऐकून समालोचक चाट पडले, थिएटरातली माणसं पंचांच्या नावानं बोटं मोडू लागली. आणि तुम्ही काय केलंत? सत्तरीला टेकल्यावर कोर्टाची पायरी चढलात! म्हणे, ती लढत मी खरोखरच जिंकली होती. अहो, जिंकली असेल. पण पटकथेत जिंकली होती का? निर्मात्यांना तुमच्याशी तडजोड करावी लागली आणि तुम्ही थोर मुष्टियोद्धे होतात अशी ग्वाही दिग्दर्शकांना डीव्हीडीवर द्यावी लागली. ती किती जणांनी ऐकली असेल हा भाग निराळा. डेन्झेलला या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्कर मात्र केव्हिन स्पेसीनं नेलं. तो निकाल फिरवणारा सिनेमा अजून कुणी काढलेला नाही.

दुरुस्तीची ही कला आमच्याकडेही बऱ्यापैकी रुजली आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटनं अंतिम कुस्ती आरामात मारली होती; 'दंगल'मध्ये तिला शेवटच्या क्षणापर्यंत झुंजवलं आणि तिच्या वडिलांना एका खोलीत कोंडून ठेवलं. कोंडण्याचा प्रकार प्रत्यक्षात घडलाच नव्हता. तरी आमचे लोक जुन्या वळणाचे. त्यांनी जिंकलेल्यालाच जिंकवलं.

आता त्या रात्रीबद्दल स्पष्टच बोलतो. चौथ्या फेरीत कार्टरच्या उजव्या हाताचे ठोसे तुमच्या डोक्यावर बसले आणि तुम्ही लटपटलात. काय नामी संधी होती! तुमचं वय ३४, पाठीशी शंभराहून जास्त लढती, समोर २७ वर्षांचा घणाघाती गडी. तिथं आडवे झाला असतात, तर पुढचे गीतकार, दिग्दर्शक, वकील असे सगळेच तुमचे जन्माचे ऋणी राहिले असते. तुम्ही मात्र पाचव्या फेरीपासून लढत हातात घेतलीत. कार्टर मोठा ठोसा मारायला पाय रोवून उभा राहीपर्यंत तुम्ही तिथून सटकलेले. रिंगणातले पंच रॉबर्ट पोलिस यांनी ७२-६६ असे गुण तुमच्या बाजूनं दिले. उरलेल्या दोन पंचांनीही तुम्हालाच विजयी ठरवलं. कडेला बसलेल्या बहुतेक वार्ताहरांचंही मत तेच पडलं. इतक्या लोकांचं एकमत म्हणजे कटच की हो!

बरं, तुम्ही कुणाच्या वशिल्यानं जगज्जेते झालात म्हणावं, तर तेही नाही. १९४८ पासून या धंद्यात. जगज्जेतेपदाची पहिली संधी थेट १९६० साली, मोंटानात जीन फुलमरविरुद्ध, आणि ती लढत बरोबरीत. १९६३ च्या जूनमध्ये शुगर रे रॉबिन्सनला हरवलंत, डिसेंबरमध्ये डिक टायगरकडून मुकुट घेतलात. पंधरा वर्षं रांगेत ताटकळलेल्या माणसाची ही गोष्ट तशी वाईट नाही. पण तिच्यावर गाणं कोण लिहिणार?

गाण्यावरून आठवलं. १९७५ साली बॉब डिलननं जॅक लेव्हीच्या साथीनं कार्टरवर साडेआठ मिनिटांचं गाणं रचलं. त्यात अटकेच्या वेळी कार्टर जगज्जेतेपदाचा पहिल्या नंबरचा दावेदार आहे. गाणं मोठं तडफेचं आहे, व्हायोलिन ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो. पण व्हायोलिनला हिशेब विचारायचा नसतो. तुमच्याकडून हरल्यानंतर कार्टर १५ लढती लढला: ७ विजय, ७ पराभव, १ बरोबरी. १९६५ च्या मे महिन्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टायगरनं त्याला तीनदा खाली पाडलं. क्यूबाच्या लुईस रॉड्रिगेझनं त्याच वर्षी त्याला दोनदा हरवलं. शेवटची लढत ऑगस्ट १९६६ मध्ये अर्जेंटिनात, रॉकी रिवेरोविरुद्ध, तीही गेली. पहिला नंबर केव्हाच लांब राहिला होता.

तुमच्या त्या विजयाचं आणखी एक नुकसान तुमच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. सिनेमातलं खोटं उघड झाल्यावर मुष्टियुद्धाच्या शौकिनांची दुसरी एक पंगत बसली. यांच्या मते कार्टर म्हणजे निव्वळ टक्कल आणि टक्क डोळे, बाकी सामान्य. डिलननं त्याला जेवढं वर चढवलं, तेवढंच यांनी खाली खेचलं. खरा कार्टर दोन्हींकडून हरवला.

तर आपण त्याला जरा नीट बघू. मिडलवेट म्हणजे १६० पौंडांपर्यंतचा गट, आणि कार्टरची उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. उंच माणसाशी लांबून खेळणं त्याला परवडणारं नव्हतंच. त्याला आत शिरायचं असे, आणि आत शिरला की डावा हुक असा यायचा की पुढचं काही आठवू नये. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं क्यूबाच्या फ्लोरेंटिनो फर्नांडेझला पहिल्याच फेरीत झोपवलं, आणि फर्नांडेझ स्वतः भयंकर ठोसेबाज म्हणून ओळखला जाई. २० डिसेंबर १९६३ ला पिट्सबर्गमध्ये एमिल ग्रिफिथ समोर आला. ग्रिफिथ तेव्हा वेल्टरवेटचा जगज्जेता होता आणि पुढं टायगरला हरवून तुमच्याच गटाचा जगज्जेता झाला. कार्टरनं त्याला पहिल्या फेरीत दोनदा खाली पाडलं आणि लढत तिथंच संपली. अशी फेरी ज्याच्या नावावर आहे त्याला सामान्य म्हणणारानं एकदा हनुवटी पुढं करून बघावी.

नुसता पहिल्या फेरीचा बहाद्दर म्हणावं, तर तेही खरं नाही. जॉर्ज बेंटनसारख्या बचावातल्या उस्तादाला त्यानं दहा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. १९६४ च्या फेब्रुवारीत जिमी एलिसला हरवलं. हा एलिस चार वर्षांनी हेवीवेटचा जगज्जेता झाला. मग चुकायचं कुठं? पायांवर हलत राहणारा, नेम चुकवणारा, घाई न करणारा माणूस समोर आला की त्याची गोची व्हायची. जोई आर्चर, रॉड्रिगेझ आणि तुम्ही, तिघांनी हेच केलंत. आणि टायगर? तो जागचा हलला नाही, त्यानं याच्यापेक्षा जड ठोसे मारले. एकंदर हिशेब: ४० लढती, २७ विजय, १२ पराभव, १ बरोबरी, विजयांपैकी १९ प्रतिस्पर्ध्याला बाद करून. वर्ष दोन वर्षं जगातल्या पहिल्या पाचांत शोभेल असा, एखाद्या रात्री कुणालाही उलथवील असा, पण जगज्जेता न झालेला मुष्टियोद्धा. माझ्या मते एवढं पुरे आहे. अशी माणसं फार नसतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तुरुंगाच्या प्रकरणात कुठं बसतं? जोईराव, कुठंच बसत नाही, आणि तुमच्यामुळंच हे कळलं, हीच खरी तक्रार आहे. १७ जून १९६६ च्या पहाटे पॅटरसनच्या लाफायेत बार अँड ग्रिलमध्ये गोळीबार झाला, तिघांचा जीव गेला. १९६७ साली सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं कार्टरला आणि त्याच्याबरोबर जॉन आर्टिस नावाच्या तरुणाला दोषी ठरवलं. मुख्य साक्ष दोन भुरट्या चोरांची, आणि पुढं त्यांनी ती फिरवली. १९७६ साली नवा खटला झाला, पुन्हा तोच निकाल. १९८५ साली फेडरल न्यायाधीश ली सॅरोकिन यांनी सांगितलं की सरकार पक्षानं वंशद्वेषाचा आधार घेतला आणि बचाव पक्षापासून पुरावे दडवले. दोघांची शिक्षा रद्द झाली. १९८८ मध्ये सरकारनं तिसरा खटला भरायचा नाही असं ठरवलं आणि आरोप निकालात काढले. या सबंध निकालपत्रात डाव्या हुकाचा कुठं उल्लेख नाही.

आर्टिसचा तर पुरताच पेच आहे. गोळीबाराच्या वेळी तो १९ वर्षांचा. रिंगणात त्याच्या नावावर एक लढत नाही, एक पट्टा नाही, हिसकावून घ्यावं असं जगज्जेतेपद नाही. तो कार्टरइतकाच अन्यायात सापडला, १९८१ साली पॅरोलवर सुटला, आणि त्याच्यासाठी कुणाला कुठली लढत फिरवावी लागली नाही. अर्थात म्हणूनच त्याच्या नावाचा सिनेमाही निघाला नाही.

तुम्ही हरला असतात तर हे कुणाला दिसलंच नसतं. प्रेक्षकानं जगज्जेतेपद आणि निर्दोषपण एकाच पिशवीत घालून घरी नेलं असतं. तुम्ही जिंकलात, वर कोर्टात गेलात, आणि पिशवी फाटली. आता ज्यांना कार्टर दोषीच वाटतो ते म्हणतात, बघा, लढतीबद्दल खोटं बोलले, मग खुनाबद्दल खरं कशावरून? पुराव्यातले कच्चे दुवे, दडवलेले कागद, फिरलेले साक्षीदार राहिले बाजूला. चर्चा तुमच्या पाचव्या फेरीवर येऊन थांबते. सिनेमानं तर कार्टरच्या लहानपणापासून पाठीशी लागलेला एक दुष्ट पोलीस अधिकारीही कल्पनेतून उभा केला. खरी यंत्रणा एका माणसाहून कितीतरी मोठी आणि कितीतरी कंटाळवाणी होती. पण कंटाळवाण्या यंत्रणेला तिकीट कोण काढतो?

१९९३ साली तर दैवानंच तुमची खोडी काढली. तुम्हाला आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, आणि त्याच वर्षी वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनं कार्टरला जगज्जेतेपदाचा मानद पट्टा दिला. जवळपास १९ वर्षं तुरुंगात गेलेल्या, तिथं एका डोळ्याची दृष्टी गमावलेल्या माणसाला कुणी पट्टा दिला, तर मी तरी हरकत घेणार नाही. पुढं टोरोंटोत राहून त्यानं चुकीच्या शिक्षा झालेल्यांसाठी काम केलं, आणि ते काम कुठल्याही पट्ट्याहून जड होतं. मानद पट्ट्याला निदान मानद म्हटलं गेलं होतं, एवढंच नोंदवून ठेवतो.

तुम्ही २००८ साली गेलात, कार्टर २०१४ साली आला. तिथं गाठ पडलीच असेल, तर चौथ्या फेरीचा विषय काढू नका, ग्रिफिथचा काढा. ते गृहस्थ २०१३ पासून तिथंच आहेत, साक्षीला येतील. आणि एक उपकार करा: तुम्ही जिंकलेल्या फेऱ्यांपैकी निदान दोन तरी आम्हाला परत द्या, म्हणजे गोष्ट अगदीच उघडी पडणार नाही. उत्तर लेखी द्यावं, तोंडी खुलासा ग्राह्य धरला जाणार नाही.

कळावे,
आपला,
एक गोष्टीवेल्हाळ

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी: कै. डिक टायगर, आबा, नायजेरिया. सदर इसमास त्यांनी तीनदा का पाडले, एकदा पाडून भागले नसते का, याचा खुलासा त्यांच्याकडूनही मागवण्यात येत आहे.