ग्रंथदुकानयात्री

पुस्तकांशी संबंध असलेल्या माणसांचे लेखक, प्रकाशक, विक्रेता, वाचक आणि वाचायला नेऊन परत न करणारा असे पाच वर्ग पूर्वापार मानले गेले आहेत; गेल्या काही वर्षांत, परदेशप्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्यापासून आणि खिशातल्या फोनला कॅमेरा फुटल्यापासून, त्यांत सहाव्या वर्गाची भर पडली असून त्याला सोयीसाठी 'ग्रंथदुकानयात्री' म्हणता येईल. जगातील सुंदर, जुन्या, चमत्कारिक किंवा निदान वाकड्या जिन्याच्या पुस्तकदुकानांना भेट देणे, तेथे डोळे मिटून दीर्घ श्वास घेणे, कपाटाला टेकून छायाचित्र काढवून घेणे आणि रिकाम्या हाताने, किंवा फार तर एक पुस्तकखूण घेऊन, बाहेर पडणे हा या वर्गाचा जीवनक्रम होय. पुस्तकखूण म्हणजे वाचन जेथे थांबले ते पान दाखवणारी पट्टी. यात्रीच्या घरी अशा पट्ट्या पुष्कळ असतात आणि थांबलेली वाचनेही जवळपास तितकीच असतात. (या वर्गात स्त्रियांची संख्या लक्षणीय असली तरी येथे पुल्लिंग वापरले आहे, कारण दुकानात तासभर काढून काहीही न घेता निघण्याचे धैर्य पुरुषांत अधिक आढळते.)

दुकान 'स्वतंत्र' असणे ही यात्रीची पहिली अट असते. ज्याचा मालक गल्ल्याच्या आसपास सापडतो, कोणती पुस्तके ठेवायची हे जेथे त्याच्या आवडीवर आणि हट्टावर ठरते, आणि ज्याच्या एकाच रंगाच्या पाट्या गावोगावी लटकत नाहीत, ते स्वतंत्र दुकान. याच्या उलट, एकाच कंपनीच्या अनेक शाखा असतील तर त्या समूहास साखळी म्हणतात. या अटीबाबत यात्री बोलण्यात अत्यंत कडक आणि वागण्यात अत्यंत सैल असतो. ब्यूनोस आयर्समधील 'एल आतेनेओ ग्रँड स्प्लेंडिड' हे त्याचे लाडके उदाहरण असते: १९१९ साली उघडलेले हे नाट्यगृह २००० साली पुस्तकदुकान झाले, त्याचे सज्जे आणि रंगवलेला घुमट तसाच ठेवण्यात आला, आणि जेथे नट उभे राहत तेथे आता कॉफी मिळते. हे दुकान एका मोठ्या साखळीच्या मालकीचे आहे, ही गोष्ट मात्र यात्रीच्या कथनात येत नाही, कॉफी येते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे याच्या नेमके उलट घडले. तेथील तेराव्या शतकातील डॉमिनिकन चर्चमध्ये, जेथे मधल्या काळात सायकली ठेवल्या जात, २००६ साली एका साखळीने दुकान थाटले. २०१४ साली ती साखळी दिवाळखोरीत गेली आणि कर्मचाऱ्यांनी लोकवर्गणी जमवून दुकान स्वतंत्रपणे चालू ठेवले. स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्याने सांगावी अशी ही कथा आहे, परंतु तेथून परतलेला यात्री फक्त छताची उंची सांगतो.

पॅरिसमधील 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे या वर्गाचे आद्यपीठ असल्याने त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. या नावाची दुकाने दोन होऊन गेली. पहिले सिल्व्हिया बीच या अमेरिकी बाईंनी १९१९ साली काढले, १९२२ साली त्यांनीच जेम्स जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी प्रकाशित केली, आणि जर्मनांनी पॅरिस ताब्यात घेतल्यानंतर १९४१ साली ते दुकान बंद पडले ते कायमचे. दुसरे, म्हणजे आज नोत्र दाम चर्चच्या समोर, सीन नदीच्या काठी जेथे रांग लागते ते, जॉर्ज व्हिटमन यांनी १९५१ साली निराळ्या नावाने उघडले आणि १९६४ साली त्याला बीचबाईंच्या दुकानाचे नाव दिले. हेमिंग्वे पुस्तके उसनी नेत असे तो पहिल्या दुकानातून. यात्री दुसऱ्या दुकानातल्या खुर्चीत बसतो आणि हेमिंग्वे याच खुर्चीत बसत असे, असे परतल्यावर सोसायटीच्या गच्चीत सांगतो. व्हिटमन यांनी होतकरू लेखकांना कपाटांमधल्या बाकांवर फुकट झोपू देण्याची प्रथा पाडली होती, तिचे वर्णनही यात्री ओलावल्या आवाजात करतो. मात्र त्या पाहुण्याने दुकानात काही तास काम करावे, एक पानभर आत्मचरित्र लिहावे आणि रोज एक पुस्तक वाचावे अशा अटी होत्या, आणि त्यांतली शेवटची अट लक्षात घेऊन यात्री स्वतः हॉटेलात उतरतो. या दुकानात छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. ही मनाई यात्रीला एकादशीच्या उपासासारखी जड जाते, आणि म्हणून तो तेथे चक्क पुस्तक विकत घेतो, कारण विकत घेतलेल्या पुस्तकावर दुकानाचा शिक्का मारून मिळतो व त्या शिक्क्याचे छायाचित्र बाहेर येऊन काढता येते.

व्हेनिसमधील 'आक्वा आल्ता' या दुकानात मराठी यात्रीची मात्र खरी परीक्षा होते. भरतीचे पाणी शहरात शिरते त्याला तिकडे आक्वा आल्ता म्हणतात, आणि त्या पाण्यापासून वाचवण्यासाठी तेथील पुस्तके जुन्या न्हाणीटबांत आणि एका अख्ख्या गोंडोलात, म्हणजे तिकडच्या निमुळत्या होडीत, रचलेली असतात. मागील अंगणात निकामी झालेल्या जुन्या ज्ञानकोशांच्या थप्प्या लावून जिना केला आहे व त्यावर चढून कालवा पाहता येतो. ज्याला लहानपणी पुस्तकाला चुकून पाय लागला तरी ते कपाळाला लावण्याची सवय लावली गेली, तो मनुष्य येथे सपत्नीक, बुटांसह, सबंध ज्ञानकोश तुडवीत वर जातो, छायाचित्र काढतो, आणि उतरल्यावर कोणाचे लक्ष नाही असे पाहून सर्वांत खालच्या खंडाला हळूच हात लावून नमस्कार करतो.

तथापि यात्रीचा स्वभाव कोणी खऱ्या अर्थाने ओळखला असेल तर तो पोर्तुगालमधील पोर्तो शहरातल्या 'लेलो' या दुकानाने. १९०६ साली बांधलेल्या या दुकानात तांबड्या रंगाचा एक वळणदार जिना आहे. जे. के. रोलिंग १९९०च्या दशकाच्या आरंभी त्या शहरात इंग्रजी शिकवीत होत्या, त्यावरून हॅरी पॉटरची जादूची शाळा त्यांना याच जिन्यावरून सुचली अशी आख्यायिका तयार झाली आणि जगभरचे लोक जिना पाहण्यास लोटले. आपण त्या दुकानात कधी पाऊलही टाकले नव्हते, असा खुलासा रोलिंग यांनी २०२० साली केला. त्याने गर्दीवर काडीचाही परिणाम झाला नाही, कारण यात्रीला आख्यायिका हवी असते, लेखिका नव्हे. दुकानदारांनी २०१५ पासूनच प्रवेशाला तिकीट लावले होते आणि पुस्तक घेतल्यास तिकिटाची रक्कम त्याच्या किमतीतून वजा करण्याची सोय ठेवली होती. पुस्तकदुकानाच्या इतिहासात ग्राहकाच्या स्वभावाचे इतके अचूक निदान दुसरे झालेले नाही.

हाच यात्री पोर्तोत रांगेत उभा राहून, युरोत पैसे मोजून, नुसते आत जाण्यासाठी तिकीट काढतो आणि पुण्यात परतल्यावर तीनशे रुपयांच्या मराठी कादंबरीवर, मुखपृष्ठही न उघडता, "सवलत किती?" असे विचारतो. या प्रश्नाला पुण्यात फार जुनी परंपरा आहे व प्रकाशनपूर्व सवलतीच्या योजना, प्रदर्शनातली सवलत, दिवाळीतली सवलत आणि ओळखीची सवलत अशा तिच्या अनेक शाखा आहेत. छापील किमतीला पुस्तक घेणारा मनुष्य तेथे परगावचा समजला जातो. यात्रीच्या यादीत पुण्यातलाच, पुस्तकदुकानांनी भरलेला अप्पा बळवंत चौक कधीच नसतो, हे आणखी उद्बोधक आहे. वास्तविक विक्षिप्त आणि स्वतंत्र दुकानांची इतकी दाटी जगात फार थोड्या ठिकाणी असेल. परंतु तेथे रस्त्याकडे तोंड करून काउंटर असतो, काउंटरच्या आत ग्राहकाला प्रवेश नसतो, आणि पुस्तकाचे नाव, लेखक व प्रकाशन ही सारी माहिती एका दमात सांगावी लागते. ती सांगितली की आतला मुलगा पोटमाळ्याकडे पाहून हाक मारतो आणि वरून नेमके ते पुस्तक, बहुधा अपेक्षित प्रश्नसंचासह, खाली येते. "काय हवंय?" या तेथल्या पहिल्याच प्रश्नापुढे यात्री निरुत्तर होतो. "सहज बघतोय" हे जगातील प्रत्येक दुकानात चालणारे उत्तर त्या चौकात चालत नाही, कारण बघण्यासाठी काउंटरवर काही ठेवलेलेच नसते, आणि मागे दहावीचे पुस्तक हवे असलेला पालक उभा असतो.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. पॅरिसमध्ये अशी लहान दुकाने इतकी कशी टिकली, असा प्रश्न यात्री वारंवार उपस्थित करतो आणि 'तिकडे वाचनसंस्कृती आहे' असे त्याचे उत्तरही स्वतःच देतो. वाचनसंस्कृती असेलही, पण तिकडे १९८१ सालचा एक कायदाही आहे, ज्यानुसार नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि विक्रेत्याला, मग तो कोपऱ्यावरचा असो की अवाढव्य, पाच टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही. सूट देण्याची शर्यतच नसल्याने लहान दुकानदार तेथे निदान त्या कारणाने मरत नाही. भारतात असा कायदा नाही, म्हणून पुस्तक दुकानात हाताळायचे, मागच्या कव्हराचे छायाचित्र घ्यायचे आणि रस्त्यावर येऊन फोनवरून स्वस्तात मागवायचे ही रीत येथे राजरोस चालते. यात्री ती पाळतो आणि घरी आलेले पुस्तक उघडून त्याला वास नाही अशी तक्रार करतो.

वासाचे प्रकरण शास्त्रीय आहे. कागदातील सेल्युलोज आणि लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारे द्रव्य, यांचे कालांतराने विघटन होऊन हवेत उडणारी संयुगे तयार होतात, आणि २००९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी या वासावरून कागद किती खराब झाला आहे हे ओळखण्याची पद्धत मांडली. अर्थात यात्री डोळे मिटून जो सुगंध घेतो तो पुस्तक कुजण्याचा असतो.

महाराष्ट्रातही यात्रीची सोय झाली आहे. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावी रिचर्ड बूथ यांनी १९६०च्या दशकात जुन्या पुस्तकांची दुकाने थाटली आणि १ एप्रिल १९७७ रोजी गाव स्वतंत्र राज्य असल्याचे व आपण त्याचे राजे असल्याचे जाहीर केले. त्या गावावरून स्फूर्ती घेऊन मे २०१७ मध्ये पाचगणीजवळच्या भिलार येथे राज्य शासनाने 'पुस्तकांचं गाव' सुरू केले. भिलारला घरोघरी पुस्तके मांडलेली आहेत, ती कोणीही बसून वाचावीत, मात्र ती विकण्यासाठी नाहीत. काही विकत घेण्याचा प्रश्नच नसल्याने यात्रीला हे गाव आदर्श वाटायला हवे. परंतु तेथे पुस्तकांपुढे उरतो तो एकमेव पर्याय म्हणजे वाचणे, आणि म्हणून तो तासाभरात स्ट्रॉबेरी घेऊन महाबळेश्वरकडे निघतो.

यात्रीच्या भावना सर्वाधिक उचंबळतात त्या दुकान बंद होते तेव्हा. मुंबईत टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली एका चित्रपटगृहात छोटासा स्टॉल मांडून सुरू केलेले आणि पुढे फोर्टमध्ये स्थिरावलेले 'स्ट्रँड बुक स्टॉल' फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले, तेव्हा शहराचा आत्मा गेला असे लिहिणाऱ्यांची संख्या इतकी मोठी होती की त्यांतील निम्म्यांनी आदल्या वर्षी तेथे एकेक पुस्तक घेतले असते तर आत्म्याला मुक्काम वाढवण्याचा विचार करता आला असता. फ्लोरा फाउंटनजवळच्या 'किताबखाना'ला डिसेंबर २०२० मध्ये आग लागली आणि मार्च २०२१ मध्ये ते पुन्हा उघडले. आगीच्या वेळचा शोक आणि उघडल्यानंतरची विक्री यांचे प्रमाण काय होते ते दुकानाच्या वहीलाच ठाऊक.

एवढे असूनही या वर्गाला निरुपयोगी म्हणता येणार नाही. तो दुकानाची कीर्ती पसरवतो, कॉफी पितो, दुकानाच्या नावाची कापडी पिशवी विकत घेऊन ती भाजी मंडईत मिरवतो, आणि मुख्य म्हणजे कधीकधी घरचे मूल बरोबर आणतो. यात्री जिन्याचा कोन शोधत असताना ते मूल जमिनीवर फतकल मारून बसते, एक पुस्तक उघडते आणि निघण्याच्या वेळी ते खाली ठेवण्यास नकार देते. चार अनोळखी वाचनप्रेमींच्या देखत पोराच्या हातून पुस्तक काढून घेणे यात्रीच्या प्रतिमेला परवडणारे नसते, त्यामुळे तो हसत हसत गल्ल्याकडे जातो, आणि त्या हसण्याच्या भरात सवलत विचारायची राहून जाते. सबब ज्यांच्या घरात असा यात्री असेल त्यांनी त्याला पुस्तकाच्या दुकानात एकटे पाठवू नये. सोबत एखादे वाचणारे मूल द्यावे, आणि घरात नसेल तर शेजारचे मागून आणावे.